छोटा रणगाडा पुन्हा रंगवायचा? आधी हिशेब मांडा

कारखान्यातून रंगवूनच आलेला छोटा रणगाडा घरी पुन्हा रंगवावा का, असे कुणी विचारले तर माझे उत्तर बहुतेक वेळा ‘नको’ असे असते. कपाटातली गाडी डोळ्यांना खुपते ती बहुधा रंग चुकल्यामुळे नव्हे, तर ती चकाकते म्हणून. चकाकी घालवायला गाडीमागे साठ-सत्तर रुपये पुरतात. पूर्ण रंगकामाचा पहिला खर्च मात्र साडेसहा हजारांच्या घरात जातो, आणि एअरब्रश घेतला तर त्याच्या दुपटीवर. ज्या गाडीसाठी हे सगळे करायचे, ती मुळात तीन-चार हजारांना घेतलेली असते.

तरीही काही गाड्या रंगवायलाच हव्यात, आणि काहींना ब्रश लावणे म्हणजे चक्क पैसे पाण्यात घालणे. पुढे दिलेल्या किमती मुंबई-पुण्यातली छंदवस्तूंची दुकाने आणि ऑनलाइन विक्री यांवरून धरलेल्या ढोबळ किमती आहेत. माल बहुतेक आयात केलेला असल्याने दर हलत राहतात, तेव्हा खरेदीच्या दिवशी पुन्हा पाहून घ्या.

हातात काय आहे, ते आधी ओळखा

बाजारात आज मिळणाऱ्या तयार प्रतिकृती म्हणजे ड्रॅगन आर्मर, हॉबी मास्टर, फोर्सेस ऑफ व्हॅलर, ईझी मॉडेल अशा नावांच्या. बहुतेक १:७२ प्रमाणातल्या. म्हणजे साडेसहा मीटर लांबीचा खरा रणगाडा हातात नऊ सेंटिमीटरचा होतो. अंग धातूचे किंवा प्लॅस्टिकचे, पट्टे मऊ प्लॅस्टिकचे, रंग आणि आकडे कारखान्यातच छापलेले. किंमत साधारण २,५०० ते ६,००० रुपये.

दुसरा गट जुन्या डायकास्ट गाड्यांचा: लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी टॉइज, फ्रान्सच्या सोलिडो, वेल्समध्ये बनलेल्या कॉर्गी. या खेळणी म्हणूनच निघाल्या आणि आज संग्रहाची वस्तू झाल्या आहेत. दोन्ही गटांचे हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे एकाच्या बाबतीतला सल्ला दुसऱ्याला लावू नका.

नव्या गाड्यांबाबत एक गोष्ट आपल्याकडे विसरली जाते. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ साली ७० टक्के. परदेशी व्हिडिओत एखादा गृहस्थ हसत हसत गाडी थिनरमध्ये बुडवतो, कारण बिघडली तर त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात दुसरी मिळते. आपल्याला ती चैन नाही.

खटकते नेमके काय?

गाडी उजेडात धरा आणि नक्की काय खटकते ते स्वतःला विचारा. नुसती चमक असेल, किंवा सगळा रणगाडा एकाच सपाट हिरव्या रंगाचा दिसत असेल, तर पुन्हा रंगवण्याचे काही कारण नाही. अशा गाडीला वॉश आणि मॅट वार्निश एवढेच हवे.

वॉश म्हणजे अतिशय पातळ गडद रंग. तो झाकणांच्या कडा, रिव्हेटच्या भोवती आणि इंजिनावरच्या जाळीच्या खाचांत उतरतो, आणि साच्यात आधीपासून असलेला पण न दिसणारा तपशील एकदम उठून येतो. इथे क्रम महत्त्वाचा. पुष्कळ जण आधी मॅट वार्निश मारून चमक घालवतात आणि मग वॉश लावतात. तसे केले की खरखरीत पृष्ठभागावर वॉशचे डाग पसरतात. कारखान्याची चमक या कामापुरती आपल्या बाजूची असते. तिच्यावरून वॉश सरळ खाचेत वाहतो. म्हणून आधी वॉश, तो वाळल्यावर जास्तीचा पुसून काढणे, आणि शेवटी मॅट वार्निश. वॉश इनॅमल जातीचा असेल तर आधी गाडीच्या पोटाशी एक थेंब लावून पाहा. त्यातल्या थिनरने काही कंपन्यांचा छापील आकडा सुटतो.

खर्च: वॉशची बाटली ३५० ते ४५०, मॅट वार्निशची ६० मिलिलिटरची बाटली ५०० च्या आसपास, दोन बरे ब्रश १५० ते २००. अकराशे रुपये धरा. एवढ्यात १:७२ च्या पंधरा-वीस गाड्या सहज होतात. म्हणजे गाडीमागे पंचावन्न ते पंचाहत्तर रुपये आणि एक संध्याकाळ. वर उंचवट्यांवर फिक्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश हलकेच फिरवला, तर खर्चात फारशी भर पडत नाही आणि गाडी निम्म्याने जास्त खरी वाटू लागते. चाकांना चिखल लावायचा असेल तर पिगमेंटची बाटली ३०० ते ४००. चिखलासाठी कॅमलचे ट्यूबमधले ॲक्रिलिकही चालते. ते कॅनव्हाससाठी बनवलेले जाड रंग आहेत, त्यामुळे चिखल म्हणून उत्तम आणि चिलखतावर मात्र ब्रशच्या रेघा उठवणारे.

नव्या गाडीबद्दल माझा अनुभव असा, की दहांपैकी आठ तक्रारी इथेच संपतात.

पूर्ण रंगकामाचे खरे बिल

आता समजा, छटाच चुकीची आहे किंवा रंगाचा थर इतका जाड आहे की रिव्हेट बुजले आहेत. मग जुना रंग काढून नव्याने सुरुवात करावी लागते. पहिल्यांदा करणाऱ्याचे ब्रशने रंगवण्याचे बिल असे होते: रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल २५०, प्रायमर ६००, वालेहो किंवा तामियाच्या चार-पाच बाटल्या मिळून १,५००, चकचकीत वार्निश ५००, डिकॅलचा कागद ८००, डिकॅल बसवायचे दोन द्राव ९००, मॅट वार्निश ५००, वॉश ४००, ब्रश ५००, श्वासासाठी फिल्टरचा मास्क ६००. बेरीज ६,५५०. एअरब्रश आणि छोटा काँप्रेसर घेतला तर आणखी ६,००० ते १०,००० रुपये.

नवशिके डिकॅलच्या ओळीत फसतात. कारखान्याने छापलेले आकडे, तारे, रेजिमेंटच्या खुणा रंगाबरोबरच जातात. त्या परत आणायला पाण्यात भिजवून बसवायचे डिकॅल लागतात, आणि ते मॅट पृष्ठभागावर लावले तर खाली हवा अडकून चंदेरी चट्टा दिसतो. म्हणून आधी चकचकीत वार्निश, मग डिकॅल, मग पुन्हा मॅट. म्हणजे एका चुकीच्या छटेसाठी सात-आठ टप्पे, आणि प्रत्येक थराला वाळायला वेळ. बारा-पंधरा तासांचे काम आठवडाभर पसरते. दुसऱ्या गाडीपासून खर्च झपाट्याने उतरतो, कारण बाटल्या शिल्लक असतात. मग गाडीमागे डिकॅल आणि थोडा रंग मिळून पाच-सहाशे. तेव्हा एकाच गाडीसाठी हा घाट घालू नका. दहा गाड्या रंगवायच्या असतील तर मात्र हिशेब बसतो.

काही वस्तूंपासून दूर राहा. ॲसिटोनने प्लॅस्टिक विरघळते. कॉस्टिक सोडा रंग काढतो खरा, पण जस्त आणि ॲल्युमिनियम दोन्हींना खातो, आणि डायकास्ट म्हणजे मुख्यतः जस्तच. हार्डवेअरच्या दुकानात दोन-अडीचशेला मिळणारा मोटारीचा स्प्रे धातूच्या सुट्या अंगावर चालून जातो. प्लॅस्टिकवर त्यातला थिनर चरतो. मऊ पट्ट्यांवर इनॅमल रंग लावू नका, महिनोन्‌महिने चिकट राहतो. तिथे ॲक्रिलिकच.

आणि पावसाळा. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये मॅट स्प्रे मारला की हवेतल्या ओलाव्याने वार्निशवर दुधाळ पांढुरकी साय येते. ती काढायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. स्प्रेचे काम दिवाळीनंतर होळीपर्यंत उरकावे. स्प्रेचे डबे ज्वालाग्राही असल्याने विमानाने येत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन मागवले तर पोचायला वेळ लागतो. जवळच्या दुकानात चौकशी करणे बरे.

इतिहासाच्या चुका रंगाने किती सुधारतात?

थोडेच. याला टायगर रणगाड्याचे उदाहरण चांगले. टायगर पहिल्यांदा लढाईत उतरला तो ऑगस्ट १९४२ मध्ये लेनिनग्राडजवळ, आणि त्या काळातली जर्मन वाहने गडद राखाडी असत. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम निघाला आणि गडद पिवळा हा मूळ रंग झाला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून चिलखतावर झिमरिट नावाचा खडबडीत लेप देऊ लागले. म्हणजे अंगावर झिमरिटच्या रेघा असलेला राखाडी टायगर तुमच्याकडे असेल, तर रंग चुकला आहे आणि पिवळ्याने तो सुधारेल. पण उलट बाजूने, गुळगुळीत अंगाच्या सुरुवातीच्या टायगरला १९४४ च्या नॉर्मंडीतले छलावरण दिले, तर नवी चूक तुम्ही स्वतःच्या पैशाने विकत घेतली. घुमटाचा आकार, चाकांची जात, लेप आहे की नाही, हे साच्यात ठरलेले असते. रंग त्याच्या मागून चालतो. ब्रिटिश गाड्यांनाही हेच: १९४४ च्या वसंतात त्यांचा मूळ रंग तपकिरीवरून ऑलिव्हकडे वळला, त्यामुळे साल ठरवल्याशिवाय बाटली उघडू नका.

आणखी एक, छटेबद्दल फार हट्ट धरू नये. खऱ्या रणगाड्याचा रंग जसाच्या तसा नऊ सेंटिमीटरवर लावला तर तो काळपट दिसतो. अनुभवी रंगवणारे मुद्दाम थोडा फिका करतात. कारखान्याची छटा ‘जरा उजळ’ वाटते ती कधीकधी बरोबर असते.

जुन्या डिंकीला हात लावू नका

डिंकीचा सेंच्युरियन रणगाडा, क्रमांक ६५१, १९५४ साली आला. मेकॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ मध्ये बंद पडला. असा एखादा सेंच्युरियन, तीन टनी लष्करी ट्रक किंवा पंचवीस पौंडी तोफ आजोबांच्या ट्रंकेत सापडली आणि कोपऱ्यांचा रंग उडालेला असला, की घरातला उत्साही माणूस ‘नवी कोरी करून टाकतो’. याच्याइतके महाग काम संग्रहात दुसरे नाही. खरचटलेल्या मूळ गाडीला गिऱ्हाईक असते. कितीही सफाईने रंगवलेली गाडी तिच्याहून कमी भावाने जाते, आणि मूळ खोके असेल तर तोटा आणखी मोठा. शिवाय जुनी डायकास्ट गाडी उघडायची म्हणजे खालचे रिव्हेट ड्रिलने उडवावे लागतात. ते पुन्हा मूळ रूपात बसत नाहीत. जाणकार गिऱ्हाईक गाडी हातात घेताच आधी उलटी करतो, रिव्हेटची डोकी आणि आसाची टोके पाहतो. तिथे रंग साचलेला दिसला की बोलणी संपतात.

आरोग्याचाही प्रश्न आहे. त्या काळच्या रंगांत शिसे असू शकते. पॉलिश पेपरने कोरडे घासले की ती भुकटी हवेत जाते. घरात लहान मूल असेल तर हा खेळ नकोच.

महायुद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांना आणखी एक दुखणे असते. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश राहून गेला, तर धातू वर्षानुवर्षे आतून तडकत जातो, फुगतो, शेवटी तुकडे पडतात. संग्राहक त्याला झिंक पेस्ट म्हणतात. नाव किडीचे असले तरी शेजारच्या गाडीला ते लागत नाही. पण त्यावर उपायही नाही. रंगाने तडा झाकला जातो, थांबत नाही. अशी गाडी कुणी ताजी रंगवून विकायला आणली तर भिंग घेऊन बसा.

भारतीय संग्राहकाने विशेष जपावी अशी एक जात म्हणजे निकी टॉइज. डिंकीच्या जुन्या साच्यांतून १९६० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्यात या गाड्या बनत. ओतकाम ओबडधोबड, रंग जाडाभरडा, कडा ओघळलेल्या. पाहणाऱ्याला वाटते, हिला तरी सुधारावे. पण तोच कच्चा रंग निकीची ओळख आहे; तो गेला की हातात राहते ती कसली गाडी आहे, हे पटवून देणे अवघड.

कोमट पाण्यात दोन थेंब साबण, मऊ ब्रश, आणि लगेच कोरडी करणे. जुन्या गाडीसाठी एवढाच खर्च मला मान्य आहे.

सोलिडो तेवढी अपवाद. त्यांची सैनिकी मालिका १९६१ च्या सुमारास सुरू झाली, साचे इतके चोख की युरोपात पिढ्यान्‌पिढ्या लोक त्या विकत घेऊन बदलत, रंगवत आले आहेत. सुरुवातीच्या काळातली, खोक्यासकट असलेली सोलिडो ठेवा तशीच. नंतरच्या वर्षांत पुन्हा काढलेली, खोके हरवलेली, स्वस्तात मिळालेली असेल तर रंगकाम शिकायला तिच्यासारखी गाडी नाही.

रंगवावीच अशी गाडी

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी स्वतः साडेसहा हजारांचे बिल समर्थनीय मानतो. आपल्या सैन्याच्या खुणा असलेली गाडी कारखान्यातून क्वचितच येते. सप्टेंबर १९६५ मध्ये आसल उत्तरला पॅटन रणगाड्यांना भिडलेला सेंच्युरियन, नोव्हेंबर १९७१ मध्ये गरीबपूरला लढलेला पीटी-७६, किंवा पूना हॉर्सचा ‘फामागुस्टा’. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत याच सेंच्युरियनमधून लढले आणि मरणोत्तर परमवीर चक्राचे मानकरी झाले. तो रणगाडा अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जतन केलेला आहे. असा रणगाडा कपाटात हवा असेल, तर दुसऱ्या देशाच्या रंगातला सेंच्युरियन घेऊन तो बदलणे हाच सरळ मार्ग. पीटी-७६ आणि पॅटन सोलिडोने काढले होते. सेंच्युरियन कॉर्गीचाही आहे. खोके नसलेला, रंग उडालेला नग शोधा.

अभ्यासासाठी अहिल्यानगरचे कॅव्हलरी टँक म्युझियम पाहावे. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात सेंच्युरियन, शर्मन, विजयंता, पॅटन जवळून बघता येतात. एक सावधगिरी बाळगा: उघड्यावर उभ्या असलेल्या रणगाड्यांना वेळोवेळी नवा रंग दिला जातो. म्हणून तिथे आकार, झाकणे, अवजारांच्या जागा टिपून घ्या; छटेसाठी त्या काळची छायाचित्रे पाहा.

भारतीय खुणांचे तयार डिकॅल सहज मिळत नाहीत, ते छापून घ्यावे लागतात. इथे एक खाच आहे. साधा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही, आणि आपल्या लष्करी गाड्यांवरचे बाण-आकडे तर गडद हिरव्यावर पांढरे किंवा पिवळे. पारदर्शक डिकॅल कागदावर पिवळा छापला तर हिरव्यावर तो दिसतच नाही. म्हणून पांढऱ्या पाठीचा कागद घ्या, अवतीभवती गाडीचाच हिरवा छापून कापा, किंवा पांढरी शाई असलेला छापखाना गाठा. एका ए-४ कागदावर वीस गाड्यांच्या खुणा मावतात, तेव्हा चार मित्रांनी मिळून छपाई करावी.

दुसऱ्याकडून करून घेताना

हात बसलेला माणूस हवा असेल तर दराआधी तास विचारा. बारा ते पंधरा तासांचे काम, तासाला दोनशे रुपये धरले तरी मजुरी २,४०० ते ३,००० होते, साहित्य वेगळे. कुणी आठशे रुपयांत पूर्ण रंगकाम सांगत असेल, तर तो जुन्या रंगावरच नवा थर चढवणार हे समजून जा. जुना रंग काढणार का, डिकॅल कुणी आणायचे, गाडी उघडणार का, पट्टे वेगळे रंगवणार का, वाटेत तोफेची नळी मोडली तर जबाबदारी कुणाची, एवढे लेखी घ्या. चारही बाजूंचे आणि तळाचे फोटो काढूनच गाडी हातात द्या. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नका. पहिल्याच खेपेला आवडता नग देऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

नवी तयार प्रतिकृती असेल तर वॉश आणि मॅट. जुनी डिंकी किंवा निकी असेल तर साबणपाणी. खोके गेलेली सोलिडो असेल, किंवा आपल्या रेजिमेंटचा रणगाडा करायचा असेल, तर खुशाल रंगवा. आणि रंगवलेल्या प्रत्येक गाडीच्या तळाला बारीक अक्षरांत ‘पुन्हा रंगवली’ असे लिहून साल घाला. उद्या ती तुमच्या मुलांनी विकायला काढली, तर घेणाऱ्याला ते कळलेच पाहिजे.